भाव फळ्यावर, जागा गुलदस्त्यात

कापसाच्या व्यापाऱ्यांचे नवे वर्ष 1 ऑक्टोबरला लागते. आठवड्याभरात, 7 तारखेला, जागतिक कापूस दिन येतो. जागतिक व्यापार संघटनेने तो 2019 मध्ये जिनिव्हात पहिल्यांदा साजरा केला आणि 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. दसराही याच दिवसांच्या आगेमागे असतो. मुंबईत या मुहूर्तावर नव्या दुकानांची शटरे वर जातात, गाळ्यांना तोरणे लागतात आणि वर्षभर घासाघीस चाललेला एखादा करार शेवटी सहीपर्यंत येतो. शिवडी आणि कॉटन ग्रीनच्या पट्ट्यात या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर पाहायला मिळतात. म्हणून या दिवसांत थोडे शिवडीबद्दल बोलावे असे आम्हाला वाटते.

कॉटन ग्रीन स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडले की कॉटन एक्स्चेंजची इमारत समोरच उभी दिसते. कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचे कार्यालय तिथे आहे. वेगवेगळ्या प्रतींच्या रुईचे हजर भाव ही संस्था रोज जाहीर करते. यंदा 170 किलोच्या किती गाठी बाजारात येतील, याचे अंदाजही ती हंगामभर देत राहते. यवतमाळचा जिनिंगवाला, गुंटूरचा अडत्या आणि कोइमतूरचा गिरणीवाला हे आकडे मोबाइलवर पाहतात, त्यांच्यावर वाद घालतात आणि मग सौदा करतात. आता याच इमारतीच्या आसपास गाळा शोधत हिंडणाऱ्या एखाद्या तरुणाचा विचार करा. त्याला पॅकिंगचे खोके बनवायचे आहेत किंवा मसाले दळायचे आहेत. शेजारच्या गाळ्याचे भाडे किती ठरले, खालची जमीन कुणाची, तिचा पट्टा संपला की चालू आहे, समोरचा रस्ता रुंद होणार का, पावसात पाणी कुठवर चढते, यातले काहीही त्याला कोणत्याही फळ्यावर वाचायला मिळत नाही. सांगितलेच तर एजंट सांगतो, आणि एजंटाला तर गाळा खपवायचा असतो.

मालाचा भाव उघड्यावर आणायला या शहराला बराच काळ झगडावे लागले. जागेच्या बाबतीत तो झगडा अजून सुरूच झालेला नाही, आणि त्याची किंमत छोटा उद्योजक भरतो आहे, हे आमचे म्हणणे आहे.

कापसाचा बाजार आधी कोटात, टाउन हॉलसमोरच्या हिरवळीवर भरत असे. गाठींचा पसारा आणि धूळ साहेबलोकांना सोसेना, तेव्हा 1844 मध्ये तो कुलाब्याला गेला. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस बंद झाला आणि मुंबईवर पैशाचा पाऊस पडला. त्या काळी लिव्हरपूलचा भाव आगबोटीबरोबर येई. बोट धक्क्याला लागण्याआधीच प्रेमचंद रायचंद मचव्यांतून आपली माणसे तिच्याकडे धाडीत आणि बाजारात भाव फुटण्याआधी तो त्यांच्या खिशात असे, असे सांगतात. तारेने ही मक्तेदारी मोडली. 1870 मध्ये तांबड्या समुद्रातून आलेल्या केबलीने लंडन आणि मुंबई जोडली गेली. पण त्याआधीच 1865 च्या जुलैत शेअरचा फुगा फुटून निम्मे शहर दिवाळखोर झाले होते. अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी ज्यांना उशिरा कळली, ते अधिक बुडाले. बॅकबे भराव कंपनीचे शेअर ज्या भावाला विकले जात होते, त्या भावात समुद्राचा तळ कसा आहे याची चौकशी कुठेच धरलेली नव्हती.

गावाकडे तर आणखी बिकट अवस्था होती. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत आपल्या बाजारांत मुरलेली होती. दलाल आणि व्यापारी यांच्यात काय ठरले ते गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दिसतच नसे. वऱ्हाडात कारंजा इथे 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला, 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि 1927 मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजार कायदा आला. ठरावीक आवार, तपासलेली वजने आणि उघड भाव ही साधी वाटणारी व्यवस्था रुजायला चाळीस वर्षे गेली. सरकारला शेतकऱ्याचा फार कळवळा होता अशातला भाग नाही. मँचेस्टरला चांगला, बिनभेसळीचा कापूस हवा होता हे त्यामागचे मोठे कारण. हेतू कोणताही असो, रुमाल बाजूला झाला.

शिवडी या कथेत येते ती विसाव्या शतकात. मुंबई बंदर न्यासाने माझगाव-शिवडीच्या खाजणात भर घालून शेकडो एकर नवी जमीन तयार केली. 1 जानेवारी 1915 ला बंदर न्यासाची स्वतःची रेल्वे सुरू झाली, त्यामुळे देशभरातून येणारे वॅगन थेट या जमिनीवर येऊ लागले. कुलाब्याची जागा अपुरी पडत होती, आगीचे भय होते आणि गिरण्या तर परळ-लालबागला होत्या. 1920 च्या दशकात कापसाचा बाजार इकडे हलला. कुलाब्याचे ‘कॉटन ग्रीन’ हे नावही सामानाबरोबर आले. शिवडीत हिरवळ होती की नव्हती हे कुणी पाहिले नाही. 1921 मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास दीर्घकाळ तिचे अध्यक्ष होते. कोणत्या प्रतीचा कापूस कशाला म्हणायचे याचे नमुने ठरले, वाद झाला तर लवाद नेमण्याची सोय झाली, भावांची नोंद रोजच्या रोज होऊ लागली. तिकडे माटुंग्यात 1924 मध्ये कापसाची तंत्रप्रयोगशाळा उघडली आणि कोणत्या जातीच्या धाग्याचे किती काउंटचे सूत निघेल हे मोजून सांगता येऊ लागले. स्पर्धक असलेल्या माणसांनी एका छताखाली बसून आपल्या धंद्याची माहिती एकमेकांपुढे मांडायची, ही तशी अवघड गोष्ट शिवडीने करून दाखवली.

जाता जाता एक कबुली द्यायला हवी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत, आणि त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर गिरणगावात जुगार चाले. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली आणि मटका जन्माला आला. माहिती उघडी केली की तिचा शहाणाच उपयोग होतो असे नाही. पण मटक्याच्या भीतीने भाव झाकून ठेवावेत असे तेव्हा कुणी सुचवले नव्हते.

आता जागेकडे वळू. धंद्यासाठी जागा कशी निवडावी याचा धडा शिवडीनेच दिला आहे, फक्त तो गिरवणारी कंपनी परकी होती. लिव्हरचा सनलाइट साबण 1888 पासून विलायतेहून भारतात येत होता. 1918 पासून डच कंपन्यांचे वनस्पती तूपही येऊ लागले. कोणत्या गावात कोणता माल खपतो, डबा किती मोठा असला की गिऱ्हाईक घेते, पावसाळ्यात मागणी कशी बदलते, हे सारे आयात केलेल्या मालाच्या विक्रीतून कळत गेले. त्यानंतर 1931 मध्ये हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी झाली आणि शिवडीची जागा विकत घेतली गेली. 1932 मध्ये वनस्पती निघू लागले. वनस्पतीच्या कारखान्याला लागूनच साबणाचा कारखाना काढायची परवानगी 1933 मध्ये मागितली गेली आणि 1934 च्या ऑक्टोबरात शिवडीचा साबण बाजारात येऊ लागला. डालडा हे नाव 1937 चे. शिवडीच का, याचे उत्तर नकाशाच देतो. कच्चा माल उतरायला बंदर जवळ, आतल्या मुलखात माल धाडायला बंदराची रेल्वे दाराशी आणि हाताला काम हवे असलेला कामगार लालबाग-परळच्या चाळींत.

या क्रमाकडे लक्ष वेधायचे आहे. साबणाच्या बाबतीत बाजार ओळखण्यात त्रेचाळीस वर्षे गेली, वनस्पतीच्या बाबतीत तेरा, आणि जमिनीचा तुकडा त्यानंतर घेतला गेला. 1937 मध्ये या कंपन्यांत प्रकाश टंडन नावाचे तरुण अधिकारी आले. पुढे 1961 मध्ये ते हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. सुरुवातीला ते जाहिरात खात्यात होते. घरोघर जाऊन गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरांची मोजदाद करायची, या भारतातल्या अगदी आरंभीच्या उद्योगात त्यांचा हात होता. आमच्याकडे मात्र अजूनही आधी गाळा घेतात, मग पूजा घालतात, आणि गिऱ्हाईक कुठून येणार याचा विचार तिसऱ्या महिन्यात डिपॉझिटचे व्याज भरताना सुचतो. हे आमच्या उद्योजकाला अक्कल नाही म्हणून होत नाही. त्रेचाळीस वर्षे बाजार चाचपडण्याइतके भांडवल त्याच्यापाशी नसते. जे लिव्हरला पैशाच्या जोरावर मिळाले, ते त्याला सार्वजनिक व्यवस्थेतूनच मिळू शकते.

सार्वजनिक व्यवस्थेतून काय मिळू शकते, हे पाहायला नागपूरला जावे लागेल. जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये गिरणी काढायची ठरवली तेव्हा मुंबई सोडून नागपूर निवडले. कापूस तिथे पिकतो, वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे आणि रेल्वे पोचली आहे, असा हिशोब त्यामागे होता. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन स्वस्तात मिळाली. त्या चिखलात टाटा सोने पुरताहेत, असे म्हणून एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि सावकाराला आपले शब्द गिळावे लागले. पण याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. टाटांना पोलाद काढायचे होते आणि चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचे खनिज पुरेसे नाही असे दिसू लागले होते. बेत सोडून द्यावा अशा मनःस्थितीत दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेबांची वाट पाहता पाहता ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूस्तरीय नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोहखनिजाचा गडद रंग दिसत होता. ते सर्वेक्षण प्रमथनाथ बोस या भूशास्त्रज्ञाने सरकारी नोकरीत असताना केले होते. तो मागही शेवटी तडीस गेला नाही. पुढे याच बोसांनी 1904 मध्ये टाटांना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातल्या खनिजाची खबर दिली आणि साक्चीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला.

तो नकाशा कुणाच्या खास मर्जीने मिळालेला नव्हता. सरकारी खर्चाने माहिती गोळा झाली होती आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी भिंतीवर लावलेली होती. तिथे टाटांऐवजी दुसरे कुणी उभे असते तर त्यालाही तोच रंग दिसला असता.

उलट उदाहरणही हाताशी आहे, आणि तेही शिवडीतच. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये विकास खाते काढले आणि कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी आणि सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. वरळीच्या चाळी तर कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या, सविनय कायदेभंगाच्या काळात तिथे तात्पुरता तुरुंग थाटावा लागला. कामगाराला गिरणीच्या भोंग्यापासून किती दूर राहणे परवडते आणि महिन्याला किती भाडे झेपते, हे विचारायला कुणी गेले नव्हते. लॉइड यांच्याच बॅकबे भराव योजनेचे खर्चाचे अंदाज असेच कोसळले आणि खुर्शेद नरिमन यांनी त्यातला कारभार वेशीवर टांगला. शिवडीच्या या चाळी, म्हणजे बीडीडी चाळी, बंदराच्या जमिनीवर आहेत. तेवढ्या एका गोष्टीमुळे बाकीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला तरी त्या मागे राहिल्या. जमीन कुणाची, या प्रश्नाचे उत्तर न पाहता शिवडीत काहीच करता येत नाही.

मोठ्यांच्या चुका सरकारी तिजोरी पचवते. गिरणगावातल्या साध्या माणसाने मात्र माहितीची आपली व्यवस्था स्वतः उभी केली होती. कोकणातून किंवा घाटावरून आलेला गडी आधी आपल्या गावाच्या मंडळाच्या खोलीवर उतरे. कोणत्या गिरणीत जागा आहे हे जॉबरला, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाला, ठाऊक असे आणि ते सांगण्याची तो दस्तुरी घेई. माहिती अडवून पैसे खाण्याचा याहून निर्लज्ज धंदा गिरणगावाने पाहिला नसेल. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवायला सुरुवात केली, त्यानंतर जॉबरचा जोर हळूहळू ओसरला. खाणावळवालीचे शहाणपण याहून वेगळे. कोणत्या खात्याची कोणती पाळी कधी सुटते, पगार कोणत्या तारखेला होतो, कोण गावी गेला, कुणाची उधारी कुठवर सोसायची, हे सगळे तिच्या डोक्यात असे. चूल कुठे मांडायची हे त्यावर ठरे. एवढा पक्का हिशोब असूनही तिच्यापाशी दाखवायला कागद नव्हता, म्हणून बँक तिला उभे करीत नसे आणि ती सावकाराच्या दारी जाई. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. कोण किती डबे देते, कुणाचा शब्द पक्का आहे, हे शेजारणीला माहीत होतेच. ते ज्ञान बँकेला समजेल अशा रूपात मांडणारे कुणीतरी हवे होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारे गावी परतले आणि किती तरी चुली विझल्या. त्या संपाचे अंदाज तर भल्याभल्यांचे चुकले.

आज शिवडीत धंदा काढणाऱ्यापुढे काय आहे? बंदराच्या जमिनीचे नियोजन महापालिकेच्या 2034 च्या विकास आराखड्यात पाहून भागत नाही; 2018 पासून त्यासाठी बंदर हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला एक नियोजनकर्ता आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. बंदराचे जुने पट्टे, वाढलेली भाडी, पोटभाडेकरू आणि खटले यांची गुंतागुंत काही दशकांची आहे. भाडेवाढीचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जमशेद होर्मसजी वाडिया प्रकरणात 2004 मध्ये न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक संस्था जमीनमालक असेल तर तिचे वागणे न्याय्य आणि वाजवी असले पाहिजे. वाजवी वागण्याची पहिली पायरी म्हणजे कोणता भूखंड, पट्टा कधी संपतो, वापर कशासाठी मंजूर आहे आणि खटला चालू आहे का, याची यादी लोकांपुढे ठेवणे. गाळा पाहायला आलेल्या माणसाला ती यादी आयती मिळायला हवी. आज तिच्यासाठी त्याला वकील धरावा लागतो.

दुसरी गोष्ट अटल सेतूची. 1963 मध्ये विल्बर स्मिथ या सल्लागार कंपनीच्या अभ्यासात खाडीवरच्या पुलाची कल्पना पुढे आली, आणि 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरचा पूल खुला झाला. तेव्हापासून शिवडीतल्या प्रत्येक गाळ्याच्या जाहिरातीत तो असतोच. न्हावा-शेवा वीस मिनिटांवर, माल सरळ जेएनपीएला, असे एजंट ऐकवतो. पण दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना या पुलावर बंदी आहे, हे तो सांगत नाही. शिवडीतला छोटा धंदेवाला माल नेतो तो बहुतेकदा तीनचाकी टेम्पोतून. मोटारीला एका फेरीचा टोल उद्घाटनाच्या वेळी 250 रुपये ठरला. ज्याच्या दिवसाच्या दोन खेपा आहेत, त्याने हा हिशोब सहीच्या आधी मांडायचा की नंतर? हीच गत पावसाची. गोदामात कागद, कापड किंवा पीठ ठेवायचे असेल तर भरतीच्या वेळी कोणत्या गल्लीत पाणी भरते हे भाड्याइतकेच महत्त्वाचे. हिंदमाताला पाणी तुंबते हे अख्ख्या महाराष्ट्राला टीव्हीमुळे ठाऊक आहे, तिथले पाणी साठवायला परळच्या सेंट झेविअर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या हेही. शिवडीच्या आतल्या गल्ल्यांवर कॅमेरे जात नाहीत. महापालिकेकडे पाणी तुंबण्याच्या ठिकाणांची नोंद आहे, ती गल्लीच्या नावाने मिळायला हवी.

एवढी इंटरनेटची साधने असताना ही तक्रार कशाला, असे कुणी म्हणेल. जागा भाड्याने देणाऱ्या ॲपवर दिसतो तो मागितलेला भाव. ठरलेला भाव तिथे नसतो. ठरलेला भाव एकाच ठिकाणी असतो, तो म्हणजे नोंदणी विभागात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. म्हणजे शिवडीच्या कोणत्या रस्त्यावर दुकानाच्या गाळ्याला चौरस फुटामागे खरोखर किती भाडे ठरले, हे सरकारच्या संगणकात रोज जमा होते आहे. खरेदीसाठी रेडीरेकनरचे दर दरवर्षी छापले जातात, कारण त्यावर मुद्रांक शुल्क घ्यायचे असते. भाड्याच्या दरात सरकारचा तसा लाभ नाही, म्हणून ते कुणी छापत नाही.

धंद्यांच्या मोजणीतही तीच अनास्था दिसते. सहावी आर्थिक गणना 2013-14 मध्ये झाली. देशात सुमारे 5.85 कोटी आस्थापना असल्याचे तीत आढळले. सातवीची पाहणी 2019 पासून झाली आणि तिचे निकाल आजवर अधिकृतपणे बाहेर आलेले नाहीत. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदाराला नोंदणीच्या जाचातून सोडवले. आता त्याने ऑनलाइन सूचना दिली की पुरे. हे चांगलेच झाले. पण त्या सूचनांतून लालबागच्या अमुक गल्लीत मसाल्याची किती दुकाने आहेत, गेल्या वर्षी किती नवी उघडली, एवढे तरी सहज सांगता यावे. आपल्याच गल्लीत आधीच आठ झेरॉक्सवाले आहेत हे नवव्याला यंत्र आणल्यावर कळावे, यात कुणाचे भले आहे?

छोटे उद्योजकही या दोषातून सुटत नाहीत. कच्चा माल कुठून येतो, कारागीर किती पगार घेतो, कोणता गिऱ्हाईक पैसे बुडवतो, हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. सांगितले तर स्पर्धा वाढेल, ही भीती असते. मराठी मुलखाचा जुना अनुभव मात्र वेगळा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 मध्ये बेळगावहून उठून औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर आले. तिथे रेल्वे स्टेशन होते आणि औंधच्या पंतप्रतिनिधींचा आधार होता, पाण्याची मात्र वानवा होती. त्या आडरानातून त्यांनी नांगर विकले आणि 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले. शंकरराव किर्लोस्करांनी ते घरचे माहितीपत्रक वाढवत वाढवत मराठी उद्योगविचाराचे मासिक केले. नागपूरच्या ‘उद्यम’ने साबण कसा करावा, शाई कशी करावी, याची कृती छापताना गुपित फुटेल म्हणून हात आखडला नाही. 1927 मध्ये वालचंद हिराचंद यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभारले, त्यामागेही मराठी व्यापाऱ्याला एकमेकांकडून काही कळावे हा हेतू होताच. आज शिवडी-लालबागच्या दुकानदार संघटनांच्या बैठका फेरीवाले, पार्किंग आणि वर्गणी यांच्यापुढे जात नसतील तर दोष सरकारवर ढकलता येणार नाही. पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाची माहिती आपसांत द्यायला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

मोठ्या गुंतवणूकदारासाठी राज्याने ‘मैत्री’ची एक खिडकी उघडली आहे, एमआयडीसी 1962 पासून भूखंडांचे नकाशे देते आहे. दावोसला जाणाऱ्या शिष्टमंडळाच्या पिशवीत महाराष्ट्राच्या जमिनीची रंगीत पुस्तिका असते. शिवडीत पाचशे चौरस फुटांचा गाळा शोधणाऱ्याला नवे पोर्टल नको, नवी समिती नको. परळच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयात एका टेबलावर चार गोष्टी मिळाल्या तरी त्याचे भागेल. रस्त्यानिहाय ठरलेली भाडी, बंदराच्या पट्ट्यांची स्थिती, पाणी तुंबणाऱ्या गल्ल्या आणि पुढच्या दोन वर्षांत खोदले जाणारे किंवा रुंद होणारे रस्ते. शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामात इथल्या दुकानदारांनी धूळ खाल्ली आहे, त्यामुळे शेवटच्या बाबीचे मोल त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

सुरुवात भाड्यांपासून करावी. त्यासाठी कायदा बदलायला नको, निविदा काढायला नको आणि कुणाचे नाव उघड करायला नको. नोंदणी विभागाने आपल्याकडचे आकडे रस्त्याच्या नावाने आणि तिमाहीच्या सरासरीने मांडले की झाले. दिवाळीनंतर बसले तर फेब्रुवारीत पहिला तक्ता निघू शकतो. बंदराच्या पट्ट्यांच्या यादीला अधिक वेळ लागेल. संपलेल्या पट्ट्यांवर कोण बसले आहे आणि पोटभाड्याचे पैसे कुणाकडे जातात, हे तीत दिसणार असल्याने तिला विरोधही होईल. त्यामुळे लोकसभेत आणि विधानसभेत शिवडीचा आवाज पोचवणाऱ्यांनी आधी तीच मागावी.